रुग्णवाहिकेतल्या दोन माणसांना नेमकं काय शिकवायचं? (साधनं कमी असताना अपघाती जखमींची काळजी)

वाटसरू

गेली अकरा वर्षं मी रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांना अपघातातल्या जखमींची काळजी कशी घ्यायची ते शिकवतो. त्याआधी सहा वर्षं स्वतः गाडीच्या मागच्या भागात बसून तेच काम केलं. मागच्या महिन्यातल्या एका वर्गानंतर जे मनात घोळतंय ते इथे लिहितो. या कामातली माणसं इथे वाचत असतील तर त्यांनी मोकळेपणाने बोलावं.

गाडी एक, माणसं दोन, एक ड्रायव्हर आणि एक अटेंडंट. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला. सक्शन मशीनची (तोंडातलं रक्त, उलटी ओढून काढायचं यंत्र) बॅटरी गेलेली. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) होती, पण तिचं प्लॅस्टिकचं पाकीटही फोडलेलं नव्हतं. दोघांचंही आधी एक प्रशिक्षण झालं होतं, प्रमाणपत्रं होती. मी अटेंडंटला विचारलं, "मांडीच्या जखमेतून रक्त उसळतंय, काय करशील?" त्याने एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन (श्वासाची वाट, श्वास, रक्ताभिसरण) असं घडाघडा म्हणून दाखवलं. पाठ अगदी चोख.

मग मी पिशवीतून जाड स्पंज काढला. त्यात बोटभर खोल भोक पाडलंय आणि मागून नळी आत घातलीय. नळीचं दुसरं टोक लाल रंगाचं पाणी भरलेल्या बाटलीला. बाटली दाबली की भोकातून पाणी उसळतं. म्हटलं, थांबव. त्याने गॉझची घडी भोकावर ठेवली, भांड्यावर झाकण ठेवावं तशी, आणि वरून तळहाताने दाबली. पाणी कडेने वाहतच राहिलं. त्याने दुसरी घडी ठेवली, मग तिसरी. मी बाटली दाबतच होतो. तो माझ्याकडे बघायला लागला.

तिसऱ्या खेपेला त्याला सांगितलं, आधी बोट आत घाल आणि पाणी कुठून येतंय ते बोटाने शोध. सापडलं की ते बोट तिथून हलवू नकोस. दुसऱ्या हाताने गॉझची पट्टी इंचाइंचाने बोटाच्या टोकाशी ठासत जा, भोक गच्च भरेपर्यंत. मग दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाब, आणि घड्याळात दहा मिनिटं होईपर्यंत मध्ये उचलून बघायचं नाही. पाणी थांबलं. तो काही बोलला नाही, पण लगेच स्पंज पिळून म्हणाला, "सर, अजून एकदा."

माझं म्हणणं एवढंच आहे. साधनं कमी, माणसं कमी, वेळ कमी असेल तर अभ्यासक्रमही छोटाच हवा, आणि जे शिकवू ते हातात बसेपर्यंत करून घ्यायला हवं. बाहेरचा रक्तस्राव थांबवणं. श्वासाची वाट मोकळी ठेवणं. छातीला काय झालंय ते ओळखणं. जखमीला गरम ठेवणं. मोडलेलं हाड बांधणं. कुठे न्यायचं ते ठरवणं, आणि तिथे पोचल्यावर अर्ध्या मिनिटात नीट सांगणं. हे सगळं दोन माणसांना जमतं. यातल्या बहुतेक गोष्टींना वीजही लागत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. १९९७ ते २००१ या काळात उत्तर इराक आणि कंबोडियातल्या भूसुरुंगग्रस्त भागात डॉक्टर हान्स हुसुम आणि सहकाऱ्यांनी १३५ स्थानिक पॅरामेडिक (रुग्णालयात पोचण्याआधी उपचार देणारे) तयार केले आणि सुमारे ५२०० गावकऱ्यांना प्रथमोपचार शिकवले. तिथे रुग्णालय कित्येक तासांवर, रस्ते धड नाहीत, महागडी यंत्रं नाहीत. आधी जखमींपैकी ४० टक्के दगावत. त्या काळात १०६१ जखमींची नोंद झाली आणि मृत्यूचं प्रमाण १४.९ टक्क्यांवर आलं. शिकवलेलं सगळं साधंच होतं, पण ते पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं.

निशिगंध

वाटसरू, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी या साखळीच्या दुसऱ्या टोकाला, तातडीच्या विभागात काम करते. गाडीचं दार उघडल्यावर काय दिसतं ते सांगते.

एकदा एका जखमीला आणलं. दोन्ही हातांना सुया लावलेल्या, चिकटपट्ट्या सुबक, सलाईनची दुसरी बाटली निम्मी संपलेली. आणि तोंडात रक्ताची गुठळी, मान पुढे वाकलेली, ओठ निळे. त्या मुलाने सुई लावण्यात जीव ओतला होता, कारण त्याला तेवढंच मन लावून शिकवलं होतं आणि परीक्षेतही तेच विचारलं होतं. मी त्याला बोलू शकले नाही. चूक त्याची नव्हतीच.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या १७ शहरांचा एक मोठा अभ्यास २००८ मध्ये आला. साधी काळजी देणाऱ्या रुग्णवाहिकांना प्रगत उपचारांचं, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणं, शिरेतून औषधं देणं वगैरेचं प्रशिक्षण दिल्यावर गंभीर जखमींमध्ये जगण्याचं प्रमाण वाढलं का, हे पाहिलं. एकूण वाढलं नाही. खोल बेशुद्ध झालेल्यांत तर ते ६० वरून ५०.९ टक्क्यांवर आलं. ही सगळी साधनसंपन्न शहरं होती. मग जिथे सक्शनची बॅटरी चालत नाही तिथे आपण नळी घालायला शिकवण्यात दिवस का घालवतो, हा प्रश्न मला छळतो.

सलाईनचंही तसंच. १९९४ मध्ये ह्यूस्टनमध्ये धडाला गोळी किंवा चाकू लागलेल्या ५९८ जखमींचा अभ्यास झाला. ज्यांना वाटेत भरपूर सलाईन दिलं त्यांच्यापैकी ६२ टक्के जगले, आणि ज्यांचं सलाईन शस्त्रक्रियेपर्यंत थांबवून ठेवलं त्यांच्यापैकी ७० टक्के. आत रक्त वाहतंय आणि बाहेरून दाब वाढवला तर तयार होणारी गुठळी सुटते, उरलेलं रक्त पातळ होतं, अंग गार पडतं. शुद्ध आहे आणि मनगटाला नाडी लागतेय तोवर सलाईन धावतं सोडू नका. अपवाद डोक्याच्या इजेचा. तिथे वरचा बीपी घसरू देणं परवडत नाही, मेंदूला रक्त पोचायलाच हवं.

चाकधारी

मी ड्रायव्हर आहे. चौदा वर्षं गाडी चालवतो. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

निशिगंध ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून एक रात्र आठवली. अपघातातला तरुण पोरगा होता. पाय मोडलेला, रक्त होतं, पण फार नाही. अटेंडंट पाय धरून बसला. मागून खर्र खर्र आवाज येत होता. मी विचारलं, काय रे? तो म्हणाला, घोरतोय, झोप लागलीय त्याला. मला बरं वाटलं, म्हटलं दुखणं कमी झालं असेल. वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. मध्येच आवाज बंद झाला. मी अजूनच गाडी पळवली. पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं.

तो आवाज म्हणजे काय हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. अटेंडंटचं निदान एकदा ट्रेनिंग झालं होतं. ड्रायव्हरला वर्गात कोणी बोलावत नाही, आम्ही बाहेर गाडी पुसत बसतो. मला विचारायचंय की ड्रायव्हरला यातलं किती शिकता येईल?

वाटसरू

चाकधारी दादा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल तुमचे उपकार मानतो. सगळं शिकता येईल. घटनास्थळी तुम्हीच दुसरे दोन हात असता, म्हणून ड्रायव्हर बसणार नसेल तर मी वर्ग घेत नाही.

त्या आवाजाबद्दल. बेशुद्ध माणसाची जीभ आणि जबडा सैल पडून मागे जातात, घसा अर्धा बंद होतो, त्याची ती घरघर. जखमी माणसाचा श्वास आवाज करत असेल तर वाट अडलीय असंच धरायचं. खुळखुळ आवाज असेल तर आत रक्त किंवा उलटी आहे. आवाज थांबला तर दोनच अर्थ, वाट मोकळी झाली किंवा पुरती बंद झाली. म्हणून आवाज थांबला की गाडी बाजूला घ्या आणि मागे जाऊन छाती हलतेय का बघा, नाकापाशी गाल नेऊन हवा लागतेय का बघा.

करायचं काय, तर डोक्याच्या बाजूला बसून दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कोनामागे, कानाच्या पाळीखाली लावायची आणि जबडा पुढे उचलायचा. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आले पाहिजेत. मान मागे वाकवायची नाही, ती सरळच राहते. हे तुम्ही आज घरच्या माणसावर करून बघू शकता. तोंडात रक्त असेल आणि सक्शन नसेल, तर दोघांनी मिळून डोकं, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून त्याला कुशीवर वळवा, रक्त आपोआप बाहेर येतं. मणक्याच्या भीतीने लोक जखमीला उताणाच ठेवतात आणि तो स्वतःच्या रक्तात गुदमरतो. मणका जपायचाच, पण आधी श्वास.

आणि शिक्षणाचं म्हणाल तर १९६७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. पीटर सफार या भूलतज्ज्ञाने गरीब वस्तीतल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना घेतलं. त्यांतल्या अनेकांचं शालेय शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. त्यांनी त्या काळातली सर्वोत्तम सेवा उभी केली, आणि पुढच्या पॅरामेडिक अभ्यासक्रमांचा पाया त्यांच्या कामातून घातला गेला.

अस्थिवैद्य

चर्चा चांगली चाललीय. पण रक्तस्रावाच्या बाबतीत टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) पहिल्या दिवशी शिकवा असं माझं आग्रहाचं मत आहे. स्पंजमध्ये गॉझ ठासायला वेळ लागतो, दोन हात अडकतात. पाय तुटलाय, गाडीत एकच माणूस मागे आहे, तर पट्टा आवळून मोकळं व्हावं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या युद्धांमधून हे पुरेसं सिद्ध झालंय.

वाटसरू

डॉक्टर, अर्धं मान्य. हातपाय तुटलेला असेल, रक्ताची चिळकांडी उडत असेल, किंवा एकाच वेळी अनेक जखमी असतील तर टूर्निकेटच. पण त्या युद्धांतल्या सैनिकांना बहुतेक वेळा तास-दीड तासात शस्त्रक्रिया मिळत होती. रुग्णालय पाच तासांवर असेल तर तो पट्टा कोण सोडणार? हुसुम यांच्या गटाने याच कारणाने टूर्निकेट टाळायला शिकवलं. त्यांचा भर जखम ठासून भरणं आणि बोटांपासून वरपर्यंत इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळणं यावर होता. मी स्वतः पाहिलेले सगळ्यात वाईट पाय हे अपघाताने गेले नव्हते, सुतळी आणि वायर बांधल्याने गेले होते. त्यात आणखी एक घात होतो. पट्टा सैल बांधला तर धमनी वाहती राहते आणि शिरा बंद होतात, म्हणजे रक्तस्राव उलट वाढतो.

अस्थिवैद्य

सैल पट्ट्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. सुतळीच्या केसेस मीही पाहिल्यात. मग असं शिकवूया का: पट्टा चार-पाच सेंटीमीटर रुंद, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर कधीच नाही, काडी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायचा, आणि वेळ कपाळावर किंवा पट्ट्यावर ठळक लिहायची. दोन तासांत शस्त्रक्रिया मिळणार असेल तर निर्धास्तपणे बांधा. वाट त्याहून लांब असेल तर पट्टा बांधून लगेच जखम ठासून भरा, वरून बँडेज करा, आणि दोन तासांच्या आत पट्टा हळूच सैल करून बघा. रक्त थांबलेलं असेल तर तो सैलच ठेवा, परत आलं तर पुन्हा आवळा. जखमी शॉकमध्ये (रक्त गेल्याने रक्ताभिसरण कोलमडलेलं) असेल किंवा अवयव तुटलेलाच असेल तर मात्र सोडू नका.

वाटसरू

हे मी जसंच्या तसं माझ्या वर्गात घेतो. धन्यवाद.

निशिगंध

यात ट्रानेक्झॅमिक अॅसिडची, म्हणजे रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाची, भर घालते. २०१० च्या क्रॅश-२ अभ्यासात ४० देशांतले २०,२११ जखमी होते. एकूण मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. औषध स्वस्त आहे, फ्रिज लागत नाही. पण पहिल्या तीन तासांतच फायदा, आणि जितकं लवकर तितका जास्त. तीन तासांनंतर दिलं तर अपाय होऊ शकतो. म्हणून अपघाताची वेळ विचारून लिहून ठेवणं हाही उपचारच. अर्थात द्यायचं ते डॉक्टरांच्या लेखी सूचनेप्रमाणेच.

संथ

मी एका छोट्या संस्थेच्या रुग्णवाहिका सेवेचा हिशोब बघतो, वैद्यकीय माणूस नाही. देणगीदार गाडी द्यायला तयार असतात, कारण गाडीवर नाव लिहिता येतं. प्रशिक्षणासाठी पैसे मागितले की गप्प होतात. त्यांच्यापुढे ठेवता येईल असं काही आहे का? आणि वर्ग किती दिवसांनी घ्यावा?

वाटसरू

संथ, मेक्सिकोतल्या मोंतेर्रेचं उदाहरण ठेवा. तिथे एका भागात रुग्णवाहिका उभ्या राहण्याची ठिकाणं दोनाची चार केली आणि कर्मचाऱ्यांना अपघाती जखमींच्या काळजीचा कोर्स दिला. गाडी पोचायला सरासरी १५.५ मिनिटं लागत ती ९.५ वर आली, मृत्यूचं प्रमाण ८.२ वरून ४.७ टक्के झालं. खर्च वाढला १६ टक्के. नव्या गाडीइतकंच, ती कुठे उभी राहते आणि आत कोण बसतं याला मोल आहे.

गाडीच नसेल तरी करता येतं. घानामध्ये प्रवासी वाहनं चालवणाऱ्या ३३५ ड्रायव्हरांना सहा तासांचा प्रथमोपचाराचा वर्ग दिला. वर्षभराच्या आत त्यांतल्या ७१ जणांना पुन्हा गाठलं तेव्हा ६१ टक्क्यांनी कुणा ना कुणा जखमीला मदत केलेली होती.

किती दिवसांनी, याचं उत्तर माझ्या अनुभवातून देतो. वर्षातून एकदा पाच दिवस घेतलेला वर्ग मला जवळजवळ वाया गेलेला दिसलाय. हाताचं कौशल्य काही महिन्यांत ओसरतं, आणि ओसरलंय हे त्या माणसाला कळत नाही. त्याऐवजी पहिले दोन-तीन दिवस सलग, मग दर महिन्याला दोन तास, गाडीपाशीच. खोलीत नको. गाडीच्या मागच्या भागात किती जागा आहे, अंबू बॅग कुठल्या कप्प्यात आहे, स्ट्रेचरचा पट्टा कुठे अडकतो हे तिथेच कळतं. दिवे बंद करून टॉर्चवर एकदा करून घ्या.

मधुरा_न

मी परिचारिका आहे आणि शिकवतेही. दोन गोष्टी राहिल्यात असं वाटलं.

पहिली म्हणजे गारठा. रक्त गेलेला माणूस उकाड्यातही गार पडतो. शरीराचं तापमान उतरलं की रक्त गोठायचं मंदावतं, मग रक्तस्राव वाढतो, त्याने अजून गार पडतो. ओले आणि रक्ताने भिजलेले कपडे कापून काढा, पाठीखालीही काहीतरी घाला, कारण थंड स्ट्रेचर खालून ऊब ओढून घेतो. डोकं झाका. माझ्या वर्गात मी मुलांना ओला शर्ट घालून पंख्याखाली दहा मिनिटं झोपवते. नंतर कुणाला समजवावं लागत नाही.

दुसरी म्हणजे पेल्व्हिस (कमरेखालचा हाडांचा सांगाडा). तो मोडला की चादर बांधतात पण कमरेला, बेल्ट असतो तिथे. ती त्याच्या खाली, मांडीची हाडं बाजूला जिथे हाताला टोचतात त्या पातळीवर हवी. वर बांधली तर हाडं मिटण्याऐवजी उघडू शकतात. प्रत्येकाला स्वतःच्या अंगावर ती जागा शोधायला लावते. गुडघे आणि पावलं एकत्र बांधायची. आणि हाड हलतंय का हे बघायला पेल्व्हिस दाबून, हलवून पाहायची सवय मोडायला हवी.

डोक्याच्या इजेबद्दलही लिहिते. अॅरिझोनामध्ये रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना फक्त तीन गोष्टी टाळायला शिकवलं: ऑक्सिजन कमी पडू देणं, बीपी कमी पडू देणं आणि अंबू बॅग भराभर दाबणं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. डोक्याला तीव्र इजा झालेल्यांत जगण्याची शक्यता दुपटीने वाढली. बॅग मिनिटाला दहा वेळा. घाबरलेला माणूस तीस वेळा दाबतो आणि त्याला ते कळत नाही. मी त्यांना मोठ्याने मोजायला लावते: दाब, दोन, तीन, चार, पाच, सहा.

निशिगंध

मधुराताई, मोठ्याने मोजण्याची कल्पना फार आवडली.

एक विनंती आमच्या बाजूच्या लोकांना. गाडीवाल्याचं ऐका. "कसं झालं, काय जखमा, श्वास-नाडी-शुद्ध कशी, आम्ही काय केलं" हे तो अर्ध्या मिनिटात सांगतो, तेवढा वेळ सगळ्यांनी हात थांबवून ऐकायचं असा नियम आम्ही आमच्या विभागात केला. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कळवतो की तो जखमी वाचला की नाही, आत काय सापडलं. पूर्वी हे कोणी करत नव्हतं. वर्षानुवर्षं ती माणसं जखमी दारात सोडून जायची, आणि आपण बरोबर केलं की चूक हे त्यांना कधीच समजायचं नाही. असं कोण शिकणार?

संथ

हे दोन्ही आमच्याकडे सुरू करायला पैसे लागत नाहीत. दर महिन्याचे दोन तास मी वेळापत्रकात टाकलेत, ड्रायव्हरसह. सक्शनची बॅटरी आमच्याकडेही तपासली. तीन गाड्यांपैकी दोघींतल्या बॅटऱ्या गेलेल्या होत्या. पायाने चालवायचे पंप मागवतोय.

चाकधारी

वाटसरू सर, काल रात्री जबड्याचं माझ्या भावावर करून पाहिलं. पहिल्यांदा बोटं गालावरच लागत होती. मग कानाच्या पाळीखाली हाड सापडलं. त्याला मुद्दाम घोरायला लावलं आणि उचललं तर आवाज एकदम बंद झाला, श्वास नाकातून सरळ आला. दहा-बारा वेळा केलं. तो म्हणाला आता जबडा दुखतोय, सोड.

आज ड्यूटीवर अटेंडंटला दाखवलं. तो तोच आहे, त्या रात्रीचा. काही बोलला नाही. मग स्ट्रेचरवर आडवा झाला आणि म्हणाला, माझ्यावर कर, मग मी तुझ्यावर करतो.